ऑनलाइन गणितपदवी आणि ‘वर्षभरात पैसे वसूल’ हा हिशेब

अमेरिकी विद्यापीठाची उपयोजित गणितातील एमएस भारतात घरी बसून ऑनलाइन करावी, तिला तिथे जाऊन शिकण्याच्या निम्माच खर्च येतो, गणितज्ञाला वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक पगार मिळतो आणि म्हणून घातलेले पैसे वर्षभरात वसूल होतात, असा संदेश बीएस्सी झालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातले बरेचसे कुठल्यातरी खऱ्या माहितीवर बेतलेले आहे. नेमक्या त्यामुळेच माणसे त्याच्या भरवशावर कर्ज काढायला निघतात आणि म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासणे गरजेचे वाटते.

पगाराचा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या कामगारविषयक आकडेवारी गोळा करणाऱ्या सरकारी विभागानुसार मे २०२३ मध्ये तिथल्या गणितज्ञांच्या वार्षिक वेतनाचा मध्यक १,१६,४४० डॉलर होता. परंतु ‘गणितज्ञ’ या पदावर त्या संपूर्ण देशात जेमतेम अडीच हजारांच्या आसपास माणसे काम करतात, त्यांतली बरीचशी केंद्र सरकारच्या सेवेत किंवा संशोधन संस्थांत आहेत आणि अनेकांकडे पीएचडी आहे. शिवाय मध्यक म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते तो पगार, सुरुवातीचा पगार नव्हे. त्यात वीस-वीस वर्षे अनुभव असलेलेही मोजलेले असतात. उपयोजित गणित शिकलेली बहुतेक मुले डेटा विश्लेषण, बँकिंग, विमा किंवा सॉफ्टवेअर क्षेत्रात जातात आणि तिथला पगार ठरतो तो पद, शहर व अनुभव यांवरून. पुण्यात राहून पुण्यातच नोकरी करणाऱ्याला अमेरिकेतल्या अडीच हजार जणांचा आकडा लावणे ही सांख्यिकीच्या पहिल्याच धड्यातली चूक आहे, आणि गणिताची पदवी विकण्यासाठी ती केली जावी याचा खेद वाटतो.

निम्म्या खर्चाच्या मुद्द्यात तथ्य इतकेच, की परदेशात राहण्याचा, प्रवासाचा आणि व्हिसाचा खर्च वाचतो. शिकवणीचे शुल्क त्याने कमी होत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या या विषयातल्या ऑनलाइन एमएससाठी दहा विषय पूर्ण करावे लागतात आणि एका विषयाचे घोषित शुल्क पाच हजार डॉलरच्या वर आहे. म्हणजे किमान ५०,००० डॉलर; एका डॉलरला ८५ रुपये धरले तरी साडेबेचाळीस लाख रुपये होतात.

आता वसुलीकडे पाहू. पदवीची कमाई म्हणजे पदवीनंतरचा संपूर्ण पगार नव्हे; ती नसती तर जो पगार मिळाला असता, त्याच्याहून जास्त मिळणारी रक्कम तेवढीच तिच्या नावावर मांडता येते. समजा, वर्षाला बारा लाख मिळवणाऱ्याला पदवीमुळे पंधरा लाख मिळू लागले. ही तीन लाखांची वाढ करही न कापता धरली, तरी मुद्दल फिटायला चौदा वर्षांहून थोडी अधिकच लागतील. तेच पैसे दहा टक्के व्याजाने घेतलेले असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वाचार लाख होते, म्हणजे वाढलेल्या पगारातून व्याजसुद्धा भागत नाही. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत.

या पदवीने अमेरिकेचे दार उघडते, असेही संदेशात सूचित केलेले असते. तिथे जाऊन उपयोजित गणित शिकणाऱ्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखेचा म्हणून आणखी चोवीस महिने काम करता येते. ही छत्तीस महिन्यांची सवलत हेच तिथल्या महागड्या शिक्षणाचे खरे आर्थिक बळ आहे, आणि पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमाला एफ-१ व्हिसाच मिळत नसल्याने भारतात बसून शिकणाऱ्याच्या वाट्याला त्यातला एकही महिना येत नाही. इकडे सरकारी नोकरी किंवा पीएचडीचा विचार असेल, तर परदेशी पदवीला समकक्षता, म्हणजे ती भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, लागते. ऑनलाइन पदवीला ती आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये.

राहिला ज्ञानाचा मुद्दा. रेषीय बीजगणित, संभाव्यता, इष्टतमीकरण हे विषय आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर विनामूल्य शिकवतात, आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे तर एका विषयाला साधारण हजार रुपये लागतात. विमा क्षेत्रात जोखमीचे गणित मांडणारा तज्ज्ञ (अ‍ॅक्च्युअरी) व्हायचे असेल, तर इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा पदवीपेक्षा जास्त मोजल्या जातात.

अमेरिकेत नोकरी करत असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मालकाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते आणि त्यामुळे स्वतःचा खर्च बराच कमी होतो. अशा माणसाने ही पदवी जरूर घ्यावी. भारतातून प्रवेश घेणाऱ्याने मात्र पैसे भरण्याआधी, भारतात राहून हाच ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांच्या नोकऱ्यांची आणि पगाराची माहिती विद्यापीठाकडे लेखी मागावी आणि ती मिळाली नाही, तर पगारवाढ शून्य धरून हा खर्च आपल्याला पेलतो का ते पाहावे.