अथणीकर दादांना उत्तर: आधी पेटीचं भोक मोजा

नमस्कार दादा. चिमण्यांसाठी घरट्याची पेटी कशी करावी यावरचा माझा लेख वाचून तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. दोन उन्हाळे पेटी टांगून चिमणी फिरकली नाही, उलट साळुंखीनं ती काटक्या-चिंध्यांनी भरून टाकली. अथणीच्या उन्हात अशी पेटी म्हणजे भट्टी. पेटी साफ करा म्हणणं म्हणजे घरटं मोडा म्हणणं. आणि ही शहरी हौस आहे, त्यापेक्षा झाडं लावावीत. यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर चूक माझी आहे. बाकी तिन्हींवर मला तुमच्याशी भांडायचंय. सुरुवात साळुंखीपासून करू, कारण चिमणी का आली नाही याचं निम्मं उत्तर तिनंच दिलंय.

साळुंखी आत शिरली, म्हणजे तुमच्या पेटीचं भोक दोन इंचांच्या आसपास असणार. चिमणीला सव्वा इंच पुरतं, सुताराच्या मापात एक इंच दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तेवढ्यातून साळुंखीचे खांदे जात नाहीत. राखी वल्गुली या चिमणीएवढ्या, ढोलीत राहणाऱ्या पाखराला त्याहून एक सूत कमी. दयाळाला मात्र पावणेदोन ते दोन इंच लागतं, त्यामुळे त्याच्या पेटीवर साळुंखी हक्क सांगणारच, तिथं इलाज नाही. बाजारातल्या शोभेच्या पेट्यांना भोक मोठं असतं आणि खाली बसायला एक दांडी असते. ती दांडी आधी काढा. चिमणी भोकाच्या कडेला नखं रोवून सरळ आत जाते, तिला दांडी लागत नाही. दांडी लागते ती आत डोकावणाऱ्या कावळ्याला.

पेटी फेकू नका. तीन इंची चौकोनी पत्र्याचा तुकडा घ्या, मधोमध सव्वा इंचाचं भोक पाडा, कडा कानशीनं घासून बोटाला टोचणार नाहीत अशा करा आणि चार स्क्रूंनी जुन्या भोकावर बसवा. पत्र्याचा आणखी एक फायदा म्हणजे खारीला भोक कुरतडून मोठं करता येत नाही.

दुसरं कारण तुमच्याच शब्दात आहे: "टांगली". चिमणी वळचणीत राहणारी. कौलाखालची फट, वाशाचा सांधा, भिंतीतलं भोक या तिच्या जागा, आणि त्यातली एकही हलत नाही. तारेवर वाऱ्यानं गरगरणाऱ्या पेटीत ती अंडी घालायला फारशी राजी नसते. पेटी आठ ते दहा फुटांवर, छपराच्या किंवा सज्जाच्या खाली, भिंतीला दोन स्क्रूंनी घट्ट बसवा. मांजराला उडी मारता येईल असा कठडा किंवा पाण्याची टाकी जवळ नको. आणि एकच पेटी लावू नका. चिमण्यांना शेजार लागतो. तीन-तीन फुटांवर दोन-तीन पेट्या असल्या की त्या लवकर धीर करतात. वल्गुलीची पेटी उलट झाडाच्या खोडावर, एकटीच हवी.

आता भट्टी. हे तुमचं शंभर टक्के खरं आहे. माझी मापं खानापूर-बेळगावचा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून लिहिली होती, आणि तीच अथणी-रायबागला चालतील असं लेखातून वाटतं. तसं होत नाही. तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं. तिथं पेटी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीलाच, तीही सकाळी दहानंतर सावलीत येणाऱ्या जागी. फळी पाऊण इंच जाडीची. पातळ प्लाय किंवा प्लॅस्टिक नको, आणि पत्र्याची पेटी तर मुळीच नको. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर, छपराच्या लगेच खाली, दोन-दोन सूत व्यासाची तीन-तीन भोकं. छपरावर एक इंच फट सोडून दुसरी फळी बसवा आणि तिला वरून चुन्याचा हात द्या. मधल्या फटीतून वारा खेळतो, ऊन वरच्या फळीवरच अडतं.

कुंभाराकडचं गाडगं तुमच्या भागात फळीपेक्षाही चांगलं. जाड, न रंगवलेलं, भोक भाजण्याआधीच पाडून घेतलेलं. भाजल्यावर पाडायला गेलात तर तडकतं. तोंड लाकडी झाकणानं बंद करून ते भिंतीच्या कोनाड्यात आडवं बसवा, तळाला पाण्यासाठी बारीक भोक ठेवा. हेच गाडगं खानापूर-कणकुंबीकडे मात्र चालायचं नाही. तिकडच्या पावसात माती पाणी पिऊन आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि पिल्लं गारठतात.

खानापूरकडच्या वाचकांसाठीही इथंच लिहितो, कारण लेखात हा भाग त्रोटक राहिला. तिकडे पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो, तेव्हा पेटीचं तोंड पूर्वेला हवं. छप्पर पुढे अडीच इंच बाहेर. पण छप्पर बाहेर काढलं म्हणजे काम झालं असं नाही. पाणी पुढच्या कडेवरून खाली वळतं, छपराच्या पोटाला चिकटून मागे सरकतं आणि भोकाच्या वरून आत ठिबकतं. त्यासाठी छपराच्या पोटाला, कडेपासून अर्ध्या इंचावर, करवतीनं एक सूत खोल आडवी खाच मारा. पाणी त्या खाचेशी आलं की पागोळी होऊन तिथंच गळतं. तळाची फळी बाजूच्या फळ्यांच्या पाव इंच वर बसवा आणि तिच्या चारही कोपऱ्यांत दोन सुतांचं एकेक भोक पाडा. छप्पर आणि मागची फळी यांच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली की बिजागरीचं आणि सांधा बुजवण्याचं दोन्ही काम होतं.

लाकडाचं थोडक्यात. स्वस्त प्लायचे थर मृगातच सुटतात. पॅकिंग केसच्या फळ्या चालतात, पण शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती घ्या, एमबी म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ती नको. आतून रंधा मारू नका. खरखरीत फळीला नखं रोवूनच पिल्लू भोकापर्यंत चढतं. आत तेल-रंग काही नाही. बाहेरून जवसाचं तेल द्यायचं तर पक्षी येण्याआधी महिनाभर देऊन सुकवा. चिमणीसाठी तळ आतून पाच बाय पाच इंच, आणि तळापासून भोक सहा इंच वर. याहून खाली असलं तर कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोचते.

साफसफाईबद्दल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी नासवणं शिकारीतच धरलंय, तेव्हा वापरातल्या घरट्याला हात लावायचा नाही, हे तुमचं बरोबर. मी सांगितली ती सफाई रिकाम्या पेटीची. चिमणी 11 ते 14 दिवस अंडी उबवते, पुढे साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडतात, आणि तीच जोडी लगेच पुन्हा बसते. म्हणून मधेमधे उघडून बघू नका. वर्षातून एकदा, नोव्हेंबर-डिसेंबरात, आठवडाभर कुणाची ये-जा नाही अशी खात्री करून उघडा. नाकाला फडकं बांधा, आतला गवत-विष्ठेचा थर पाणी शिंपडून मगच काढा, उकळतं पाणी ओता, ब्रशनं घासा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. हा थर राहिला तर त्यातल्या पिसवा-गोचिडी पुढच्या पिल्लांचं रक्त पितात. गमॅक्सीन किंवा झुरळांचा स्प्रे कधीच नाही.

आणि झाडं. लावाच. बुलबुल, शिंपी, शिंजीर, होला यांना पेटीचा काडीचाही उपयोग नाही, त्यांना झाड-झुडूपच हवं. पण ढोलीत राहणाऱ्या पाखरांना झाड नको, जुनं झाड हवं. आज लावलेल्या चिंचेला ढोली पडायला किती वर्षं जातील? कौलं जाऊन स्लॅब आले, वळचणी संपल्या. मधल्या काळापुरती ती जागा पेटी भरते, आणि तेही आसपास खाणं असेल तरच. चिमणीच्या पिल्लांना पहिले काही दिवस मऊ अळ्या-किडेच लागतात, तांदळाच्या कण्यांवर ती जगत नाहीत. उसावर, तंबाखूवर सतत औषध मारलं जातं तिथं परसातला एक कोपरा तरी बिनफवारणीचा ठेवा: मेंदीचं कुंपण, थोडं वाढलेलं गवत, पाण्याचं उथळ भांडं, लोळायला कोरडी माती.

एक काळजी घ्या. साळुंखीची पिल्लं अजून पेटीत असतील तर पत्रा आत्ता बसवू नका, आई-बाप बाहेर अडकतील आणि पिल्लं उपाशी मरतील. तिला अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण सहा आठवडे लागतात. तेवढं होऊ द्या, पुढे आठवडाभर पेटी शांत दिसली की पत्रा लावा.