पाचूच्या बुद्धाचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

बँकॉकला जाणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. म्हणे तिथल्या राजवाड्यातलं वाट फ्रा काएव, म्हणजे पाचूच्या बुद्धाचं मंदिर, मूळचं हिंदू मंदिर, भिंतीवरचं रामायण हाच पुरावा. आतली बुद्धमूर्ती अखंड पाचूची, बौद्ध भिक्खू नागसेनांनी पाटलीपुत्रात घडवलेली. आणि आत राजा राहतो, कधीही बंद करतात, तर जाऊच नका.

हिंदू मंदिराचं आधी. चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने 1782 ला बँकॉक राजधानी केली तेव्हा हे बांधायला घेतलं ते या बुद्धमूर्तीसाठीच, 1784 ला ती तिथे बसवली. रामायण आहे, पण बाहेरच्या ओवऱ्यांत, 178 चित्रं, आणि ते थाई लोकांचं रामाकिएन आहे, त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही, रावणाच्या मत्स्यकन्या मुलीशी त्याचं जमतं. मुख्य मंदिरात आत गेलात की भिंतींवर बुद्धचरित्र आहे. एवढं डोळ्यांनी दिसत असताना मालकी कसली सांगताय?

पाचूही नाही, जेड किंवा जॅस्पर जातीचा हिरवा दगड आहे, मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर. 1434 ला उत्तर थायलंडातल्या चियांग रायला स्तूपावर वीज पडली, आत गिलाव्याने झाकलेली मूर्ती मिळाली, पुढे नाकाचा गिलावा निघाला आणि हिरवा दगड दिसला अशी कथा सांगतात.

नागसेनांचं वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हे नाव आपल्याकडे किती जिव्हाळ्याचं आहे, छत्रपती संभाजीनगरचं (तेव्हाच्या औरंगाबादचं) नागसेनवन, बाबासाहेबांच्या मिलिंद कॉलेजचा परिसर, आठवा. पण पाटलीपुत्राची ही दंतकथा आहे. नागसेन ग्रीक राजा मिलिंदाच्या काळातले, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, तेव्हा बुद्धाची मानवी रूपातली मूर्ती घडवतच नव्हते, आपल्या भाजे लेण्यात जाऊन बघा, चैत्यगृहात नुसता स्तूप आहे. कुणाची मूर्ती म्हणून भांडायचंच तर लाओसने भांडावं, दोनशेच्या वर वर्षं ती व्हिएन्तियानला होती आणि 1779 च्या सुमारास लढाईत उचलून आणली.

राजा तिथे राहत नाही, भिक्खूसुद्धा राहत नाहीत. राजा वर्षातून तीनदा मूर्तीची वस्त्रं बदलायला येतो, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. काही शाही समारंभ असला तर बंद असतं, पण गेटबाहेर "आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, सरळ तिकीट खिडकीवर जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मुख्य मंदिरात फोटो काढू देत नाहीत, फोन खिशात ठेवा आणि पाय मूर्तीकडे न करता थोडा वेळ बसा.