चेंडू अंगाला लागला म्हणजे बेस मिळालाच, असे नाही

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सॉफ्टबॉलच्या नियमांविषयीचा एक संदेश फिरू लागतो. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) चेंडू बॅटरच्या (फटका मारणाऱ्याच्या) अंगाला लागला की पहिला बेस, म्हणजे धावताना गाठायचे पहिले ठाणे, मिळालाच पाहिजे. टप्पा पडून लागला किंवा हाताला लागला तर मात्र मिळत नाही, कारण हात हा बॅटचाच भाग असतो. आणि बेस मिळाला की मैदानावरचे सगळे रनर, म्हणजे आधीच बेसवर पोहोचलेले खेळाडू, एकेक बेस पुढे सरकतात, असा त्याचा सारांश. यातले एकही विधान जसेच्या तसे बरोबर नाही, आणि पहिले तर मुलांच्या जिवाशी संबंधित आहे.

फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या सॉफ्टबॉलमध्ये हा बेस दुखापतीची भरपाई म्हणून दिला जात नाही. बॅटर होम प्लेट या पाटीशेजारच्या आपल्या चौकटीत असताना, त्याने बॅट फिरवलेली नसताना आणि चेंडू स्ट्राइक झोनच्या (होम प्लेटवरच्या, फटक्यायोग्य मानलेल्या जागेच्या) बाहेर असताना तो अंगाला किंवा कपड्याला लागला, तरच बेस मिळतो. मग तो नुसता जर्सीला घासून गेला तरी पुरे. उलट, बॅट फिरवली आणि चेंडू बॅटला न लागता मनगटावर आदळला, तर कितीही कळ आली तरी तो स्ट्राइकच (बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा चेंडू; असे तीन झाले की तो बाद) ठरतो. आधी दोन स्ट्राइक झालेले असतील तर बॅटर बाद होतो, आणि चेंडू तत्क्षणी डेड झाल्यामुळे, म्हणजे खेळ थांबल्यामुळे, बॅटरमागच्या कॅचरच्या हातून तिसरा स्ट्राइक सुटल्यावर पहिल्या बेसकडे धावण्याची जी संधी एरवी मिळू शकते, तीही राहत नाही. बॅटर होम प्लेटवर झुकून उभा असेल आणि स्ट्राइक झोनमधल्या चेंडूच्या आड त्याचे कोपर आले, तरीही स्ट्राइकच. असा निर्णय देणाऱ्या पंचावर प्रेक्षकांतून आरडाओरडा होतो, तेव्हा बहुधा पंच बरोबर असतो.

चेंडू चुकवण्याविषयी सर्व नियमपुस्तके एकसारखी नाहीत. काहींनुसार बॅटरने चेंडू टाळण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे. तो केला नाही तर बेस नाकारला जातो, मात्र तो चेंडू चौथा बॉल (स्ट्राइक झोनबाहेरचा, बॅट न फिरवलेला चेंडू; असे चार झाले की बेस मिळतो) असेल तर बेस त्या कारणाने मिळतो. काहींनी ही अट सैल केली आहे, पण मुद्दाम अंग पुढे करून चेंडू लागू देण्याला तिथेही बेस नाही. म्हणून सामन्यापूर्वीच्या बैठकीत कोणते नियमपुस्तक लागू आहे, हे प्रशिक्षकाने विचारून घ्यावे.

हा मुद्दा मी लांबवतो आहे, कारण ‘लागला की बेस’ हे वाक्य बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात बसले तर ती चेंडूसमोरून हलत नाही. कोकणात गावोगावी अंडरआर्म क्रिकेट खेळले जाते, त्यामुळे खालून टाकलेला चेंडू सौम्यच असणार, असा अनेकांचा समज असतो. महिलांच्या फास्टपिचमध्ये पिचर होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३.१ मीटरवर असते. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो, आणि १२ इंच परिघाच्या चेंडूचे वजन १८० ग्रॅमच्या आसपास असते. अंगावर येणाऱ्या चेंडूकडे छाती न करता पाठ वळवायची, हनुवटी खांद्याआड घ्यायची आणि बॅट खाली ठेवायची, हे सरावात मऊ चेंडूने घोटून घेतले पाहिजे. हेल्मेट हवेच, पण ते चेहरा आणि बरगड्या वाचवतेच असे नाही.

टप्प्याचे म्हणणे सरळ चुकीचे आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या मैदानांवर चेंडू वेडावाकडा उसळतो, म्हणून हा प्रसंग इथे वारंवार येतो; चेंडू आधी जमिनीला लागून मग बॅटरला लागला तरी, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील, तर बेस मिळतो.

हाताचेही तसेच. हात बॅटचा भाग नाही, तो बॅटरच्या शरीराचा भाग आहे. बॅट न फिरवता चेंडू आधी बोटांना लागला आणि मग बॅटवर आपटून मैदानात गेला, तरी तो बोटांना लागताच डेड झालेला असतो. चेंडू आधी बॅटला लागून मग चौकटीतल्या बॅटरच्या हातावर आला, तर तो फाउल, म्हणजे खेळात न धरला जाणारा फटका. पंच पाहतो ते आधी कशाला लागला एवढेच.

राहिला रनरांचा प्रश्न. पुढे जातो तो फक्त ज्याची जागा मागून येणाऱ्याला द्यावी लागते तो. पहिल्या बेसवर रनर असेल तर तो दुसऱ्यावर जाईल. पण पहिला बेस रिकामा असून दुसऱ्यावर रनर असेल, तर त्याला जागेवरच थांबावे लागते. पिचबरोबर तो तिसऱ्या बेसकडे धावला असेल आणि डाइव्ह मारून पोहोचलाही असेल, तरी त्याला दुसऱ्या बेसवर परतावे लागते. स्लोपिच, म्हणजे सावकाश चेंडू टाकण्याच्या प्रकारात तर अंगाला लागल्याबद्दल बेसच नसतो. स्ट्राइक ठरला नसेल तर तो केवळ एक बॉल मोजला जातो.