संमतीनंतर काय?

औषधचाचण्यांचा विषय निघाला की आमच्या इंदूरच्या मंडळींचे बोलणे अजूनही संमतीपाशीच येऊन थांबते: रुग्णाला न सांगता औषध दिले का, सही कुणी घेतली, पैसे कुणाला मिळाले. हे प्रश्न बिनतोड आहेत. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि पुढच्या वर्षी संमतीच्या दृक्‌श्राव्य नोंदीचा आदेश निघाला, ही कमाई लहान नव्हे. परंतु संमती दिलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले आणि त्यातले किती छापून आले, हे तिकडे क्वचितच कुणी विचारतो.

इंग्लंडमध्ये राहून सारे आलबेल दिसते, असेही नाही. ऑक्सफर्डचे डॉक्टर-संशोधक बेन गोल्डेकर यांच्या गटाने २०१५-१६ मध्ये पाच नामवंत वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या तपासल्या आणि कोणत्या निकषांवर औषध पारखू असे संशोधकांनी आधी जाहीर केले होते, ते छापील निबंधाशी ताडून पाहिले. पूर्णपणे जुळल्या त्या अवघ्या नऊ. उरलेल्यांत ठरलेले निकष गाळलेले होते, किंवा आयत्या वेळी नवे घातलेले होते आणि तसे वाचकाला सांगितलेले नव्हते. बाण आधी सोडून मग त्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढावे, तसा हा प्रकार. वास्तविक निबंधात काय काय सांगायचे याची कन्सॉर्ट नावाची यादी १९९६ पासून आहे: रुग्णांची वाटणी चिठ्ठीने झाली की मर्जीने, मधूनच किती जण गळाले, दुष्परिणाम किती. यादी असूनही हे घडते, कारण तिची उलटतपासणी करण्याची सक्ती कुणावर नसते. संपादकांना तर अशा तफावती दाखवून देणाऱ्या पत्रांचा जाचच वाटतो.

आपल्याकडे ताडून पाहण्याची सोय आहे. भारताची चाचणी-नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच चाचणीची, तिच्या निकषांसकट, तीत नोंद करावी लागते. मग इंदूरच्या प्रत्येक रुग्णालयातल्या नैतिकता समितीने नव्या चाचणीला मंजुरी देण्याआधी त्याच संशोधकाची संपलेली चाचणी त्या नोंदीशी लावून पाहावी, निकष बदलला असल्यास लेखी कारण मागावे, आणि निष्कर्ष कुठेच प्रसिद्ध झालेला नसेल तर नवा अर्ज रोखून धरावा.