एकट्या खासदाराच्या पक्षाने भाषणं कमी करावीत, प्रश्न जास्त टाकावेत

शेतकऱ्यांच्या छोट्या पक्षाचा एखादा खासदार दिल्लीला गेला की आपली पहिली अपेक्षा काय, तर त्याने लोकसभा दणाणून सोडावी. मग दोन मिनिटांची क्लिप फिरते, खाली 'वाघ आहे आपला' अशा कमेंटी पडतात आणि उसाचं बिल थकलेलं ते थकलेलंच राहतं.

आधी वेळेचं गणित बघा. चर्चेची वेळ संख्याबळावर वाटली जाते. आठ तासांची चर्चा म्हणजे ४८० मिनिटं, आणि सदस्य ५४३. एकट्याच्या वाट्याला पुरतं मिनिटही येत नाही. एकांडे पक्ष आणि अपक्ष 'इतर' या खात्यात ढकलले जातात, तिथे दोन-तीन मिनिटं मिळाली तर नशीब. मतदारसंघाचं नाव घेऊन मुद्द्यावर यावं तोवर घंटा वाजते. नियम ३७७ खाली, म्हणजे एखाद्या सार्वजनिक विषयाकडे सरकारचं लक्ष वेधण्याच्या तरतुदीखाली, मांडायच्या विषयांची वाटणीही पक्षाच्या ताकदीनुसारच होते.

प्रश्नांचं तसं नाही. तिथे सोडत निघते, आणि सोडतीला पक्ष कळत नाही. एका सदस्याला एका दिवसासाठी पाच प्रश्नांच्या सूचना देता येतात, किमान पंधरा दिवस आधी. दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३० प्रश्न लागतात. तारांकिताचं आकर्षण सगळ्यांना, कारण मंत्री उभे राहून उत्तर देतात. पण तासाभरात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, आणि गोंधळ झाला तर तेवढेही नाही. छोट्या पक्षाने अतारांकितावर भर द्यावा. लेखी उत्तर येतं, परिशिष्टात आकडे येतात, आणि तो सरकारी कागद उद्या साखर आयुक्तांसमोर किंवा कोर्टात ठेवता येतो.

इथे पहिली चूक मंत्रालय निवडण्यात होते. शेतीचा प्रश्न म्हणून सगळं कृषी मंत्रालयाकडे पाठवतात. साखर आणि एफआरपी (केंद्र ठरवतं तो उसाचा किमान दर) ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालयाकडे. कांद्याची निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, पण निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे. युरिया रसायन व खते मंत्रालयाकडे. दूध पशुसंवर्धनाकडे. कृषीकडे पीकविमा आहेच, पण पीककर्जाचं बँकांना विचारायचं असेल तर पुन्हा अर्थ. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. प्रश्न चुकीच्या दारी गेला की तो दुसरीकडे पाठवला जातो आणि वार हुकतो.

दुसरी चूक प्रश्नाच्या शब्दांत. 'सरकार ऊस उत्पादकांसाठी काय पावले उचलत आहे?' असं विचारलं की योजनांची यादी येते, जी मागच्या अधिवेशनातही आली होती. त्याऐवजी असं विचारावं: ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे १४ दिवसांत बिल न देणाऱ्या कारखान्यांची कारखानानिहाय थकबाकी किती? उशिराबद्दल १५ टक्के व्याज किती कारखान्यांनी दिलं? दिलं नसेल तर केंद्राने राज्याला कोणत्या तारखांना पत्रं लिहिली? शेवटचा भाग महत्त्वाचा. कारण 'अंमलबजावणीचे अधिकार राज्याकडे आहेत' हे उत्तर तयारच असतं, आणि तारखा विचारल्या की त्या उत्तराआड लपता येत नाही.

'माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं उत्तर आलं की आपले लोक हताश होतात. खरं तर हेच हवं असतं. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि नाही केलं तर शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाला जाब विचारते. फक्त मागे लागणारं माणूस पाहिजे.

खासगी विधेयकाबद्दल, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाबद्दल, भाबडेपणा नको. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या राजू शेट्टींनी २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन विधेयकं लोकसभेत मांडली. देशभरातल्या संघटनांना त्यामुळे एक लिखित मसुदा मिळाला, हे मोठंच काम. पण खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली. एकट्या मताचंही तसंच. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकावर १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं, तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. भूमिका पटो न पटो, नोंद राहिली. निकालात फरक शून्य.

फरक पडू शकतो तो मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीत. ३१ सदस्य, त्यातले २१ लोकसभेचे, दारं बंद, कॅमेरा नाही, व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) नाही. मंत्रालयाचा सचिव समोर बसलेला असतो आणि घंटा वाजवणारं कोणी नसतं. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी मागितलेला खर्च, तिथे बाबवार तपासल्या जातात. सभागृहात मात्र बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच एका झटक्यात मंजूर होतात आणि गाऱ्हाणं मांडण्यासाठी मागणीतून शंभर रुपये कमी करा अशी कपात सूचना देऊन ठेवली असली तरी तीही त्याबरोबर जाते. पण समितीच्या बैठका अधिवेशन नसतानाही असतात, म्हणजे नेमक्या लग्नसराईत. खासदार लग्नाला आला नाही म्हणून आपणच तोंड वाकडं करतो.

आणि हे सगळं करणार कोण? मोठ्या पक्षाकडे संशोधनाला माणसं असतात. छोट्याकडे खासदार आणि एक स्वीय सहाय्यक, तोही रेल्वेच्या कोट्याची आणि दवाखान्याची पत्रं लिहिण्यात बुडालेला. संसद ग्रंथालयाची संदर्भ सेवा सदस्यांना फुकट आहे, ती वापरावी. पक्षाने वर्गणीतून पहिला पगार द्यायचा तर तो गाडीच्या ड्रायव्हरला नको, आकडे वाचता येणाऱ्या एका पोराला द्यावा.

आपल्या खासदाराचे प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी दिसतात. उघडा, आणि किती विचारले यापेक्षा कोणत्या मंत्रालयाला विचारले आणि त्यात तारीख, रक्कम, कारखाना आहे का, ते बघा. नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी तयार प्रश्न लिहून त्यांच्या ऑफिसात नेऊन द्या.