साधे टायर बसवले, पण स्टेपनीचे काय?

रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर) काढून साधे ट्यूबलेस टायर बसवल्यास गाडी मऊ चालते, हे टायर बदलण्याविषयीच्या लेखातले निरीक्षण मला पटते. रन-फ्लॅटची बाजूची भिंत इतकी जाड आणि ताठ असते की हवा गेल्यावरही ती गाडीचा भार पेलते, आणि तोच ताठपणा एरवी प्रत्येक खड्ड्यात आपल्या पाठीला जाणवतो. मागच्या वर्षी मी चारही टायर बदलले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या ज्या जोडावर डॅशबोर्ड हमखास खडखडत असे, तिथे तो प्रथमच गप्प राहिला.

मात्र लेखात एक गोष्ट निसटली आहे. मुळात रन-फ्लॅटसह येणाऱ्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते आणि कित्येकदा डिकीत तिच्यासाठी खळगाही नसतो. रन-फ्लॅटवर हवा पूर्ण गेल्यावरही ताशी 80 किलोमीटरच्या आत साधारण 80 किलोमीटर जाता येते, म्हणजे खंबाटकी घाटात पंक्चर झाले तरी पुणे गाठता येते. साध्या टायरवर ती सोय उरत नाही. पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर खिळ्याच्या भोकापुरते ठीक आहेत, पण खड्ड्याने बाजू फाटली तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही, आणि आपल्याकडे (दुर्दैवाने) तेच अधिक घडते. म्हणून मी कमी रुंदीची स्टेपनी व जॅक घेतला. डिकीतली निम्मी जागा गेली, याबद्दल घरी अजून ऐकून घ्यावे लागते.

टायर बदलताना लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) आणि स्पीड रेटिंग (तो किती वेग सोसतो त्याची खूण) मूळ टायरपेक्षा कमी नको, तसेच दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे अशी सरमिसळ मुळीच करू नये.