बर्नर ट्रिप झाला की रिसेट दाबत राहा? गॅस बॉयलरच्या पॅनलबद्दलच्या मेसेजला उत्तर

बडोद्याजवळच्या मकरपुरा, नंदेसरी, रणोली या औद्योगिक भागांतल्या बॉयलर अटेंडंटच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. ‘गॅस बॉयलरचं पॅनल असं सेट करा, बिल कमी करा’ असा त्याचा मथळा आहे आणि आत पाच सूचना आहेत. प्री-पर्जचा, म्हणजे पेटण्याआधी भट्टीतली हवा बदलण्याचा, वेळ दहा सेकंदांवर आणा. कट-इन (बर्नर सुरू होतो ते) आणि कट-आउट (तो बंद होतो ते) प्रेशरमधला फरक अगदी थोडा ठेवा. बर्नर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तर पेटेपर्यंत रिसेट दाबत राहा. पाण्याची पातळी बघणारा लेव्हल प्रोब खोटा अलार्म देत असेल तर जंपर मारा, म्हणजे तार जोडून त्याला वगळा. आणि शेवटी, पॅनल ऑटोमॅटिक असल्यामुळे रात्रपाळीला माणूस ठेवायची गरज नाही.

अटेंडंटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी बडोद्यात शिकवतो. त्यातल्या दोघातिघांनी हा मेसेज पाठवून ‘सर, हे खरं का?’ असं विचारलं. शेठच्या हाती हा मेसेज आधी पडला तर या मुलांना ‘नाही’ म्हणणं अवघड जाईल. म्हणून हे सविस्तर उत्तर.

सुरुवात प्री-पर्जपासून करू. बर्नर सुरू होताना आधी फक्त पंखा चालतो, डॅम्पर उघडतो आणि भट्टीतली, ट्यूबमधली, चिमणीपर्यंतची हवा बदलली जाते. फायर-ट्यूब बॉयलरमध्ये (ज्यात गरम वायू ट्यूबमधून जातो आणि पाणी बाहेर असतं) ही हवा निदान चार वेळा पूर्ण बदलेल असा वेळ धरतात. त्यानंतर डॅम्पर लो-फायरला (छोट्या ज्योतीच्या स्थितीला) येतो, स्पार्क पडतो, पायलट ही छोटी ज्योत पेटते, ज्योत दिसली तरच मुख्य गॅस व्हॉल्व्ह उघडतो. हा वेळ भट्टीच्या आकारावर आणि पंख्याच्या हवेवर ठरतो, त्यामुळे सगळ्या बॉयलरना लागू पडेल असा दहा सेकंदांचा आकडा असूच शकत नाही. नैसर्गिक वायू हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की स्फोटक होतो. आधीच्या फसलेल्या प्रयत्नातून किंवा गळक्या व्हॉल्व्हमधून आलेला गॅस भट्टीत साचला असेल, तर तो बाहेर काढणारी पहिली गोष्ट हा पर्ज आहे.

पर्जमध्ये गॅस जळतच नाही, मग बचत कसली, असं कुणी विचारेल. इथे मेसेज लिहिणाऱ्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ७ किलो प्रेशरला बॉयलरमधलं पाणी सुमारे १७० अंशांवर असतं. बाहेरची गार हवा त्या तापलेल्या ट्यूबमधून जाते आणि उष्णता चिमणीतून घेऊन जाते. हे नुकसान खरं आहे, पण त्यावरचा उपाय पर्ज छोटा करणं हा नाही. पर्जची संख्या कमी करायला हवी.

आणि नेमकी हीच संख्या मेसेजमधली दुसरी सूचना वाढवते! कट-इन आणि कट-आउटमधला फरक अर्ध्या किलोवर आणला की भार कमी असताना बर्नर सारखा बंद-चालू होत राहतो. समजा तो दर पाच मिनिटांनी पेटतो, म्हणजे तासाला बारा पर्ज. फरक वाढवल्यावर तो पंधरा मिनिटांनी पेटू लागला, तर चार. गॅस इथे वाचतो. प्रोसेसला चालेल तेवढा फरक मोठा ठेवा, आणि बर्नर मॉड्युलेटिंग (भाराप्रमाणे ज्योत कमी-जास्त करणारा) असेल तर कट-आउटच्या आधी तो लो-फायरला उतरेल असं सेटिंग करून घ्या. बिलाची खरी काळजी असेल तर आणखी दोन आकडे लिहून ठेवा: चिमणीतल्या वायूचं तापमान २२ अंशांनी उतरलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं, आणि फीड वॉटर ६ अंशांनी जास्त गरम मिळालं तरी तेवढंच. ट्यूब साफ करा, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) परत आणा. पासवर्ड टाकून पॅनलच्या आत शिरायची गरजच नाही.

रिसेटची सूचना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. बर्नर ट्रिप होऊन रिसेटची वाट बघत थांबतो, त्याला लॉकआउट म्हणतात. म्हणजे सिक्वेन्स कंट्रोलरला (बर्नर क्रमाने पेटवणाऱ्या यंत्राला) ज्योत दिसली नाही, किंवा हवेचं वा गॅसचं प्रेशर मिळालं नाही. ज्योत न दिसल्यामुळे ट्रिप होतो तेव्हा प्रत्येक प्रयत्नात काही सेकंदांचा गॅस न जळता भट्टीत गेलेला असतो. पर्ज पूर्ण असेल तर तो निघून जातो. पर्ज दहा सेकंदांचा केला आणि वर रिसेट दाबत राहिलं, तर पाचव्यांदा पडणाऱ्या स्पार्कला काय पेटेल याचा विचार करा. मेसेजमधल्या या दोन सूचना एकत्र पाळणारा माणूस स्वतःच्या हाताने भट्टीत स्फोटाची तयारी करतो आहे.

ट्रिप झाला की आधी कोणता दिवा लागला किंवा कोणता कोड आला ते लॉगबुकात लिहा. मग एकदा रिसेट करा आणि पीप होलमधून (भट्टीत बघायच्या भोकातून) बघा. ज्योत येते आणि तरीही ट्रिप होतो, तर ज्योत ओळखणाऱ्या यूव्ही सेलची काच काजळली आहे का, सेल जुना झाला आहे का ते पाहा. ज्योत येतच नाही, तर गॅस प्रेशर, फिल्टर आणि स्पार्क इलेक्ट्रोडचं अंतर बघा. पंखा चालूनही पर्ज पुढे सरकत नसेल तर एअर प्रेशर स्विचची नळी तपासा. दुसऱ्यांदा ट्रिप झाला तर हाताने गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. उत्पादन थांबेल, थांबू द्या.

लेव्हल प्रोबला जंपर? कधीच नाही. प्रोब खोटं बोलतो तेव्हा बहुतेक वेळा त्यावर क्षार जमलेले असतात, किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढून पाण्याला फेस आलेला असतो. प्रोब स्वच्छ करणं आणि ब्लोडाउन नीट देणं (बॉयलरमधलं क्षारयुक्त पाणी बाहेर सोडणं) एवढ्याने काम होतं. जंपर असताना फीड पंप बंद पडला, तर ट्यूब कोरड्या पडून लाल होईपर्यंत बर्नर चालूच राहील. आणि त्या अवस्थेत कुणी घाबरून पाणी सोडलं तर परिणाम भयंकर असतो.

माणूस नको, हे तर कायद्यालाही धरून नाही. १९२३च्या कायद्याच्या जागी २०२५चा बॉयलर कायदा आला, म्हणून प्रमाणपत्रधारक अटेंडंटची अट उठलेली नाही. हॉटेलांतले छोटे नॉन-आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सच्या कक्षेबाहेरचे) बॉयलर या अटीत येत नसले, तरी गॅसचा वास पॅनलला येत नाही, तो माणसालाच येतो. ज्या बडोद्यात १८९०मध्ये कलाभवन उभं राहिलं आणि हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र शिकवलं गेलं, तिथे जाणत्या माणसाला काढून बटणावर विसंबायचा सल्ला फिरावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुणी हे बदल आधीच केले असतील, तर आजच बॉयलर बंद करा. कमिशनिंग शीटवरचे (बॉयलर पहिल्यांदा सुरू करताना नोंदवलेले) मूळ आकडे सर्व्हिस इंजिनिअरकडून परत भरून घ्या. जंपर काढा. मग लो-फायरवर फीड पंप बंद ठेवून, गेज ग्लासवर (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर) नजर ठेवत ब्लोडाउन देऊन पाणी हळूहळू उतरवा आणि लो-लेव्हलला बर्नर ट्रिप होतो का ते बघा. काचेतून पाणी दिसेनासं व्हायच्या आत ट्रिप झाला नाही, तर बर्नर हाताने बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत बॉयलर लोडवर घेऊ नका.